२०२५ चे ऑस्कर, आमच्या दोन याद्या आणि १८ फेब्रुवारी ही तारीख

ऑस्करच्या आदल्या रात्री मी आणि माझे धाकटे दीर आपापली यादी एकमेकांना पाठवतो, सगळ्याच्या सगळ्या कॅटेगरी (२०२५ ला त्या २३ होत्या), आणि एकदा पाठवली की मग त्यात काडीचाही बदल करायचा नाही हा आमचा नियम. हे गेली बरीच वर्षं चालू आहे आणि खरं सांगायचं तर निकालापेक्षा मला त्याच्या आधीचे दोन महिने जास्त आवडतात, म्हणजे जानेवारीतल्या गोल्डन ग्लोबपासून जे सुरू होतं ते. कोण पुढे, कोण मागे पडलं, कुणाची हवा आहे आणि कुणाची नुसतीच हवा आहे, याचा हिशोब रोज डोक्यात चालू असतो.

आधी मी अंदाज बांधायचे म्हणजे काय करायचे, तर नॉमिनेशन्स मोजायचे. ज्याला जास्त नॉमिनेशन्स तो पिक्चर पुढे, एवढं सोपं. २०२२ ला ते पार कोसळलं. 'द पॉवर ऑफ द डॉग'ला १२ नॉमिनेशन्स होती, गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, ब्रिटनचं बाफ्टा, दिग्दर्शकांच्या संघटनेचं म्हणजे डिरेक्टर्स गिल्डचं अवॉर्ड, सगळं त्याच्याकडे, मी डोळे झाकून तेच नाव लिहिलं. आणि बेस्ट पिक्चर मिळालं 'कोडा'ला, ज्याला मोजून ३ नॉमिनेशन्स होती, दिग्दर्शनाचं नाही, एडिटिंगचं नाही, आणि तिन्ही त्याने जिंकली. १२ वाल्याला एकच ऑस्कर मिळालं, जेन कँपियनला दिग्दर्शनाचं. मला फार लागलं होतं ते. भाऊजींनी मात्र कोडा लिहिलं होतं. मी विचारलं कशावरून, तर म्हणाले, "वहिनी, प्रोड्युसर्स गिल्डने कोडाला दिलंय ना. तिथे आणि ऑस्करला मतं मोजायची पद्धत सारखीच आहे. तुम्ही मोजणी समजून घ्या आधी."

मग मी ती मोजणी समजून घेतली, आणि वाचून नाही तर करून बघितली. घरातली आणि मित्रमंडळीतली मिळून आम्ही ११ जण होतो, सगळ्यांनी बघितलेले चार जुने पिक्चर घेतले, एक भव्य ऐतिहासिक, एक रहस्यपट, एक कौटुंबिक आणि एक विनोदी. प्रत्येकाला एक चिठ्ठी, त्यावर चारही पिक्चर आवडीच्या क्रमाने लिहायचे, एक, दोन, तीन, चार. चिठ्ठ्या उघडल्या आणि पहिल्या पसंतीप्रमाणे टेबलावर चार गठ्ठे केले. ऐतिहासिक ४, रहस्यपट ३, कौटुंबिक ३, विनोदी १. साध्या मतदानात ऐतिहासिक जिंकला असता. पण बेस्ट पिक्चरला निम्म्याच्या वर मतं लागतात, म्हणजे आमच्याकडे ६. मग सगळ्यात कमीवाला बाद करायचा आणि त्याची चिठ्ठी दुसऱ्या पसंतीच्या गठ्ठ्यावर ठेवायची. विनोदीची ती एक चिठ्ठी कौटुंबिकवर गेली, तो झाला ४. आता रहस्यपट ३ वर, तो बाद, त्याच्या तीन चिठ्ठ्यांपैकी दोन कौटुंबिकवर आणि एक ऐतिहासिकवर. कौटुंबिक ६, ऐतिहासिक ५. संपलं! तो ४ चिठ्ठ्यांचा गठ्ठा पहिल्यापासून पुढे होता आणि तरी हरला, कारण ज्यांना तो पहिला आवडला नव्हता त्यातल्या बहुतेकांनी त्याला तळाला टाकलं होतं. चिठ्ठी हातात घेऊन या गठ्ठ्यावरून त्या गठ्ठ्यावर ठेवताना मला कोडा समजला. कुणाचाच नावडता नसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तेव्हा कळलं.

ही पद्धत फक्त बेस्ट पिक्चरला आहे, हे पण महत्त्वाचं. २००९ पासून, म्हणजे पाचाचे दहा पिक्चर केले तेव्हापासून. बाकी सगळ्या कॅटेगरीत साधी मोजणी, ज्याला जास्त मतं तो जिंकला, मग निम्मी मिळोत न मिळोत. आणि नॉमिनेशन बहुतेक ठिकाणी त्या त्या शाखेचे लोक ठरवतात, ॲक्टर्स ॲक्टर्सना, एडिटर्स एडिटर्सना, पण शेवटचं मत सगळे देतात. हे डोक्यात पक्कं बसलं की याद्या करायची पद्धतच बदलते.

तर २०२५ चा सीझन. मला वाटतं अलीकडच्या वर्षांत इतका घुसळलेला सीझन झाला नाही. ५ जानेवारीला गोल्डन ग्लोब झाले, ड्रामात 'द ब्रूटलिस्ट', म्युझिकल-कॉमेडीत 'एमिलिया पेरेझ', आणि 'अनोरा'ला शून्य. एकही नाही. मग लॉस एंजेलिसमध्ये वणवे पेटले, लोकांची घरं गेली, सगळं वेळापत्रक पुढे ढकललं, नॉमिनेशन्स १७ जानेवारीला येणार होती ती २३ ला आली, क्रिटिक्स चॉइस १२ जानेवारीचे थेट ७ फेब्रुवारीला गेले. त्यामुळे महिनाभर काही कळायलाच मार्ग नव्हता. नॉमिनेशन्समध्ये एमिलिया पेरेझ १३, इंग्रजीत नसलेल्या पिक्चरसाठी तो विक्रमच, ब्रूटलिस्ट आणि विकेड १०-१०, कॉन्क्लेव ८, अनोरा ६. जुनी मी असते तर एमिलिया पेरेझ लिहून मोकळी झाले असते. पण तो पिक्चर लोकांना एक तर खूप आवडत होता नाहीतर अजिबात नाही, मला तर माझ्या टेबलावरचा तो ४ चिठ्ठ्यांचा गठ्ठाच दिसत होता. पुढे जानेवारी संपता संपता त्याच्या मुख्य अभिनेत्रीचे जुने आक्षेपार्ह ट्वीट्स बाहेर आले आणि सगळं कॅम्पेनच बसलं. तरी त्यातल्या झोई सालडान्याला मी सपोर्टिंग ॲक्ट्रेसमधून एका क्षणासाठीही काढलं नाही, कारण तिला प्रत्येक ठिकाणी मिळत होतं आणि लोक तिला त्या भानगडीपासून वेगळं धरत होते. तसंच सपोर्टिंग ॲक्टरमध्ये किरन कल्किनचं, 'अ रिअल पेन'साठी. ही दोन नावं लिहायला दोघांनाही दोन सेकंद लागली.

७ फेब्रुवारीला क्रिटिक्स चॉइसमध्ये अनोराला त्या रात्री एकच अवॉर्ड मिळालं, आणि ते बेस्ट पिक्चर. दुसऱ्याच दिवशी डिरेक्टर्स गिल्ड आणि प्रोड्युसर्स गिल्ड एकाच रात्री, दोन्ही अनोराला. भाऊजींचा मेसेज आला, "वहिनी, पारडं फिरलं." एका वीकेंडमध्ये शून्यावरून पहिल्या नंबरवर! मी वही काढली आणि हिशोब मांडला. २००९ च्या पिक्चर्सपासून २०२३ च्या पिक्चर्सपर्यंत १५ सीझन झाले, त्यात प्रोड्युसर्स गिल्ड आणि ऑस्कर फक्त तीनदा जुळले नाहीत, 'द बिग शॉर्ट'च्या वेळी, 'ला ला लँड'च्या वेळी आणि '१९१७' च्या वेळी (एका वर्षी तिथे दोघांना विभागून मिळालं होतं, त्यातल्या एकाला ऑस्कर, ते मी जुळलं असंच धरलं). १५ पैकी १२ म्हणजे चांगलंच झालं. अनोरा लिहिलं.

पण मग १६ फेब्रुवारीला बाफ्टात बेस्ट फिल्म कॉन्क्लेव, आणि २३ फेब्रुवारीला स्क्रीन ॲक्टर्स गिल्डमध्ये, ज्याला सगळे सॅग म्हणतात, सगळ्या कलाकारांचं मिळून जे मोठं अवॉर्ड असतं ते पण कॉन्क्लेवला. इथे भाऊजी फिरले. त्यांचं म्हणणं होतं की '१९१७' ला पण प्रोड्युसर्स आणि डिरेक्टर्स दोन्ही गिल्ड मिळाले होते आणि शेवटी जिंकला 'पॅरासाइट', ज्याला सॅगचं तेच अवॉर्ड मिळालं होतं, कोडाला पण मिळालं होतं. शिवाय कॉन्क्लेव हा कुणाचाच नावडता नसलेला पिक्चर आहे, नवीन पोप निवडतात ते बंद दारामागचं राजकारण, दोन तास कसे जातात कळत नाही, तरुण-म्हातारे सगळ्यांना चालतो. "तुमचा तो कौटुंबिक पिक्चर आठवा," असं म्हणाले. मला दोन दिवस झोप लागेना, कारण मुद्दा बिनतोड होता आणि माझ्याच चिठ्ठ्यांनी मला अडवलं होतं.

तरी मी अनोरावर राहिले. कॉन्क्लेवच्या दिग्दर्शकाला, एडवर्ड बर्गरना, नॉमिनेशनच नव्हतं. कोडाचंही तसंच होतं हे मान्य, पण कोडाकडे निदान प्रोड्युसर्स गिल्ड होतं, म्हणजे त्याच पद्धतीने मोजणी होऊन तो एकदा जिंकून आला होता. कॉन्क्लेवला त्या मोजणीने अमेरिकेत कुणी जिंकवलंच नव्हतं. ही एक गोष्ट मी धरून बसले.

आता जिथे मी चुकले ते. बेस्ट ॲक्ट्रेस.

'द सबस्टन्स'मध्ये एक सीन आहे. डेमी मूर एका जुन्या ओळखीच्या माणसाला भेटायला निघाली आहे, तयार झाली आहे, छान दिसते आहे. दारापर्यंत जाते आणि परत येते, आरशात बघते, लिपस्टिक थोडी जास्त लावते, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळते, परत निघते, परत येते. शेवटी हाताच्या तळव्याने सगळा मेकअप चेहऱ्यावर फासून पुसून काढते, इतक्या जोरात की बघवत नाही. एक शब्द नाही त्यात. मी तो सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा पिक्चर थांबवून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. वयाच्या एका टप्प्यावर आरशासमोर जे होतं ते मी कुठल्याही पडद्यावर इतकं खरं बघितलेलं नाही. त्यात गोल्डन ग्लोब घेताना तिने सांगितलं की ३० वर्षांपूर्वी एका निर्मात्याने तिला 'पॉपकॉर्न ॲक्ट्रेस' म्हटलं होतं, म्हणजे गल्ला भरणारी पण अवॉर्ड मिळण्यातली नाही, आणि तिने ते खरं मानलं होतं. मग क्रिटिक्स चॉइस तिला, सॅग तिला. मी यादीत तिचं नाव पेनाने लिहिलं, बाकीची पेन्सिलने होती.

भाऊजींनी अनोराच्या मायकी मॅडिसनचं नाव लिहिलं. मी म्हटलं, "भाऊजी, सॅग डेमीला मिळालंय, ॲक्टर्सनी दिलंय, अजून काय पाहिजे?" तर ते म्हणाले, "तारखा बघा. ऑस्करचं मतदान ११ ते १८ फेब्रुवारी. सॅग २३ ला झालं. त्या भाषणाने कुणाचं मत बदलणार? पेट्या तर बंद झाल्या होत्या." म्हणजे वरातीमागून घोडं. बाफ्टा मात्र १६ ला झालं, मतदान चालू असताना, आणि बाफ्टा मायकी मॅडिसनला मिळालं होतं. हा मुद्दा मला तेव्हा पटलाही होता, पटून सुद्धा मी नाव बदललं नाही, आणि मनाला असं समजावलं की तारीख काही का असेना, ॲक्टर लोकांचा कल तर कळला ना.

त्यात दुसरी चूक होती ती मला नंतर नीट कळली. सॅगचे मतदार एक लाखाहून जास्त, त्यात टीव्हीवाले, रेडिओवाले, सगळे. ऑस्करचे मतदार साधारण दहा हजार, त्यातले ॲक्टर्स तर थोडेच, आणि बराच मोठा हिस्सा अमेरिकेबाहेरचा. मी मागची वर्षं काढून बघितली, हे खरं तर आधी करायला हवं होतं. २०१९ ला सॅग ग्लेन क्लोजला, बाफ्टा ऑलिव्हिया कोलमनला, ऑस्कर कोलमनला. २०२१ ला सॅग चॅडविक बोसमनला, बाफ्टा अँथनी हॉपकिन्सना, ऑस्कर हॉपकिन्सना. त्याच वर्षी सॅग व्हायोला डेव्हिसला, बाफ्टा आणि ऑस्कर फ्रान्सेस मॅकडॉर्मंडला. २०२४ ला सॅग लिली ग्लॅडस्टोनला, बाफ्टा आणि ऑस्कर एमा स्टोनला. दर वेळी असंच होतं असं नाही हं, २०२३ ला मिशेल योहच्या वेळी सॅगचं खरं ठरलं आणि ब्रेंडन फ्रेझरच्या वेळीही. पण एवढ्या वेळा उलटं झालंय म्हटल्यावर पेनाने लिहिण्यासारखं काही नव्हतं. वर बेस्ट ॲक्ट्रेसला साधी मोजणी, आणि जो पिक्चर सगळीकडे पुढे आहे तो सगळ्यांनी बघितलेला असतो, त्याची हिरॉइन प्रत्येक मतदाराच्या डोळ्यासमोर असते. 'द सबस्टन्स' रक्तामांसाचा पिक्चर, कित्येकांनी अर्ध्यात बंद केला असणार. पिक्चरला मी अनोरा लिहिलं आणि तोच हिशोब ॲक्ट्रेसला लावला नाही, कारण तिथे मला डेमी जिंकायला हवी होती.

बाकीच्या कॅटेगरींचं थोडक्यात. ॲक्टरमध्ये सॅगने टिमोथी शालामेला दिलं तेव्हा धाकधूक झाली, पण तिथे मी शहाणपणा केला आणि ब्रूटलिस्टच्या एड्रियन ब्रोडीवर राहिले, तो बरोबर आला. ब्रूटलिस्ट मला अगदी शेवटी बघायला मिळाला, साडेतीन तासांचा आणि मधे १५ मिनिटांचं इंटरव्हल, कॅमेरा आणि संगीत दोन्ही त्यालाच हे पहिल्या दहा मिनिटांतच ठरलं माझं. इंटरनॅशनल फिल्ममध्ये ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, बाफ्टा सगळं एमिलिया पेरेझला होतं तरी आम्ही दोघांनी ब्राझीलचा 'आय ॲम स्टिल हिअर' लिहिला, तो बेस्ट पिक्चरच्या दहात होता आणि वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसत होतं. ॲनिमेशनमध्ये मी 'द वाइल्ड रोबोट' लिहिला, भाऊजींनी लॅटव्हियाचा 'फ्लो', ज्यात एकही संवाद नाही, एक मांजर आणि सगळीकडे पाणी. एडिटिंगला मी कॉन्क्लेव लिहिला, बाफ्टा बघून. शॉर्ट फिल्म्सच्या तीन कॅटेगरी म्हणजे दरवर्षी अंधारात तीर, त्यात लाइव्ह ॲक्शनला मी 'अनुजा' लिहिली कारण आपली गोष्ट आहे, आणि जिंकली नेदरलँड्सची 'आय ॲम नॉट अ रोबोट'.

निकाल सोमवारी, ३ मार्चला. पहाटे साडेपाचला सुरू झालं, घरात सगळे झोपलेले, मी आवाज बारीक करून मांडीवर यादी घेऊन बसलेली. कल्किन बरोबर. ॲनिमेशन फ्लो, मी चूक. ओरिजिनल स्क्रीनप्ले अनोरा, बरोबर. मग एडिटिंग पण अनोरा, आणि मी यादीवर फुली मारली पण मनातून खूश झाले, कारण एडिटिंग मिळालं म्हणजे पिक्चर मिळणार असं वाटायला लागलं. त्याच वेळी डेमीबद्दल पोटात गोळा आला, कारण अनोरावर प्रेम एवढं असेल तर. अनोराच्या शॉन बेकरला दिग्दर्शनाचं मिळालं. मग एमा स्टोन पाकीट घेऊन आली, आणि तिने नाव वाचायच्या आधीच मला कळलं होतं असं मी म्हणणार नाही, मी तेव्हाही डेमीचंच नाव ऐकायला बसले होते. मायकी मॅडिसन. २५ वर्षांची मुलगी, आणि तिचं कामही उत्तम आहे, शेवटचा गाडीतला सीन तर फारच. पण माझ्या डोळ्यात पाणी आलं हे खरं.

बेस्ट पिक्चर अनोरा. ६ पैकी ५ ऑस्कर, त्यातली ४ एकट्या शॉन बेकरच्या हातात, पिक्चर, दिग्दर्शन, लेखन, एडिटिंग, एकाच पिक्चरसाठी एका माणसाने एका रात्रीत चार नेली असं आधी झालेलं नव्हतं. एमिलिया पेरेझ १३ पैकी २. आमचा हिशोब, माझे २३ पैकी १६, भाऊजींचे १७. पिक्चर त्यांचा चुकला, पण ॲक्ट्रेस आणि ॲनिमेशन त्यांनी नेलं. फोन केला तर म्हणाले, "वहिनी, पिक्चरला तुम्ही जे धरून बसलात ते मला जमलं नसतं." मी म्हटलं, "आणि तारखांचं मला जमलं नाही."

आता माझ्या वहीत प्रत्येक अवॉर्डच्या पुढे एक नवीन रकाना आहे, मतदान बंद व्हायच्या आधी की नंतर. दुसरा रकाना, मोजणी कुठली. एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीने अजून एक नियम आणला, की शेवटच्या फेरीत ज्या कॅटेगरीत मत द्यायचं त्यातले सगळे पिक्चर बघितलेले असले पाहिजेत. हा नियम आधी असता तर 'द सबस्टन्स' अर्ध्यात बंद करणाऱ्यांचं मत ॲक्ट्रेसला धरलंच गेलं नसतं. तो हिशोब मी बऱ्याच वेळा करून बघितला.

आणि याद्या आता मी दोन करते, एक 'मिळेल' आणि एक 'मिळायला हवं'. त्या सोमवारी रात्री सगळी कामं आटोपल्यावर आरशाचा तो सीन परत लावला, पूर्ण बघितला, आणि वहीच्या दुसऱ्या यादीत बेस्ट ॲक्ट्रेससमोर पेनानेच लिहिलं, डेमी मूर.